उधाणातला कंदील

ऐका रे. आणि बाबल्या, तो कंदील जमिनीवर ठेवू नकोस! किती वेळा सांगायचं मेल्या तुला? त्या मेढीच्या खांबाला अडकव, वर. हां. आता बसा सगळे. भाताची रास राखायची आहे नि अख्खी रात्र पुढ्यात पडलीय. झोपाल तर रानडुकरं खळं साफ करतील.

नवी सून, तू पुढे ये गो. तू ही गोष्ट ऐकलेली नाहीस. बाकीच्यांनी ऐकलीय, तरी तोंड मिटून बसायचं. मधे कोणी बोललं तर ही काकी खळ्याबाहेर घालवील, सांगून ठेवते.

भूत म्हटलं की तुम्हाला पिंपळ लागतो, पडकी विहीर लागते. माझं भूत तिथलं नाही. माझं भूत मुंबईचं. गोदीतलं. समुद्राच्या कडेने जे मालगाडीचे रूळ जायचे ना, त्या रुळांवरचं.

तर ऐका. आपल्याच गावचा एक गडी होता, भागोजी रेवाळे. गोदीच्या रेल्वेत कामाला. बायको इथे गावात, हा तिथे गाववाल्यांच्या खोलीत. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. बाकी वर्षभर रात्रंदिवस एकच काम, शंटिंग. शंटिंग म्हणजे काय? बोटीतून माल उतरतो. कापूस, कोळसा, धान्य, लोखंड. तो वाघिणींत भरायचा. वाघिणी म्हणजे मालाचे डबे गो, घाबरू नकोस! मग इंजिनाने त्या वाघिणी पुढे ढकलायच्या, मागे ओढायच्या. ही सात नंबरच्या गोदामाला, ती बाराला. एक सोड, दुसरी जोड. सगळी रात्र तेच. ठण्ण! ठण्ण!

आणि भागोजीच्या जोडीला कोण? त्याचा मेव्हणा. केरू. बायकोचा पाठचा भाऊ, एकुलता एक. भागोजीनेच त्याला नोकरीला चिकटवलं होतं. सासू म्हणाली होती, "जावईबापू, माझं एकच आहे हो. तुमच्या हवाली करते." काय बोलली बघा बाई. तुमच्या हवाली.

केरूचं काम कडी लावायचं. दोन वाघिणींच्या मधे वाकून शिरायचं नि साखळी आकड्यात घालायची. पुढे लोखंड, मागे लोखंड, मधे माणूस. इंजिन कुठे? पार लांब, वळणापलीकडे. ड्रायव्हरला माणूस दिसत नाही, हाक ऐकू जात नाही. दिसतो फक्त कंदील. म्हणून त्या टोळीने आपला एक नेम केला होता. साहेबाच्या पुस्तकात तो नव्हता, पण देवाच्या शपथेसारखा पाळायचे. आत शिरणाऱ्याने आपला कंदील रुळाच्या कडेला जमिनीवर ठेवायचा. कंदील खाली, तर माणूस आत. बाहेर आला की त्यानेच तो उचलायचा. कंदील वर, तर माणूस बाहेर. मग ड्रायव्हर इंजिन हलवणार. आणि दुसऱ्याच्या कंदिलाला हात लावायचा नाही. जीव गेला तरी नाही.

आता बाबल्या, कळलं का मी का ओरडते ते?

केरूच्या कंदिलाची कडी तापायची, हाताला चटका बसायचा. म्हणून बहिणीने आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी त्या कडीला गुंडाळून दिली होती. कंदील शंभरात ओळखू यायचा.

तर एका रात्री, श्रावणातली अमावास्या, समुद्राला उधाण आलं. वारा असा, की उभं राहवेना. केरू कंदील ठेवून आत शिरला. कडी बसेना. गंजलेली होती मेली. आणि तेवढ्यात पाणी धक्क्याची भिंत ओलांडून आलं. रुळांतून खळखळ वाहायला लागलं. भागोजी बाजूलाच उभा. त्याने काय पाहिलं? पाणी कंदिलाला भिडतंय. बुडाला लागलं. काचेला लागलं. त्याला वाटलं, हा विझला की केरू आत काळोखात राहणार, नि ड्रायव्हरला काहीच दिसणार नाही. त्याने पुढचा विचारच केला नाही. मायेने केलं हो त्याने. वाकला नि कंदील उचलला. एवढाच, वीतभर. पाण्याच्या वर धरावा म्हणून.

लांबून ड्रायव्हरला काय दिसलं? कंदील वर.

पुढचं मी सांगत नाही. कधीच सांगत नाही.

साहेब लोक आले. चौकशी झाली. साहेबाने विचारलं, "कंदील कोणी उचलला?" भागोजी म्हणाला, "त्यानेच उचलला असेल, साहेब." एवढंच. संपलं. कागदावर लिहिलं गेलं, चूक मयताची. तो कागद गावात पोचायच्या आधी केरूवरची कुजबूज पोचली. म्हणे प्यायला होता. म्हणे त्या नशेतच कंदील उचलला. ज्या पोराने कधी थेंबाला तोंड लावलं नाही, त्याला लोकांनी बेवडा केला. आणि भागोजी ऐकत राहिला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोर किंजळीच्या झाडावर रांगेने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! लोकांनी सगळी वचनं दिली. केरू, तुझ्या आईला सांभाळू. केरू, तुझा गोठा शाकारू. केरू, काय हवंय तुला? दुपार कलली. भागोजीला ठाऊक होतं काय हवंय ते. तोंडापर्यंत आलं नि त्याने गिळलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला नि माणसं घरी गेली. केरूची म्हातारी आई तेवढी तिथेच बसून राहिली, नदीत पाय सोडून.

वर्ष गेलं. आता खरी गोष्ट. पुढे सरका.

वर्षश्राद्धाला सासूने पत्र लिहवून घेतलं. "या खेपेला तुम्ही याच. त्याच्या शेवटच्या वेळी तुम्हीच जवळ होता." भागोजीने ते पत्र दहा वेळा दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मग ठरवलं, जायचं, जेवायचं, गप्प परत यायचं. बोट पहाटे सुटायची. रात्रीच धक्क्यावर जाऊन बसलं नाही तर जागा मिळायची नाही. ती बोट चुकली की श्राद्ध चुकलं. आणि नेमकं त्या रात्री काम संपेना. सुटला तेव्हा बारा वाजून गेलेले. हातात सासूसाठी घेतलेल्या लुगड्याचं बोचकं. बाहेरच्या रस्त्याने जायचं तर दीड तास. रुळावरून सरळ गेलं तर अर्धा. पण रूळ जायचे सात नंबरच्या गोदामावरून. वर्षभर त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. काम आलं तर दुसऱ्याला पाठवायचा.

फाटकावर दगडू नाईक म्हणून राखणदार होता. तो म्हणाला, "भागोजी, कुठे निघालास? आज अमावास्या. उधाण आहे."

"बोट गाठायचीय."

"रस्त्याने जा."

"चुकेल रे."

"चुकू दे! आज त्या अंगाला कुत्रंसुद्धा जात नाही."

हा गेला. जायचं नसतं तिथेच माणूस जातो.

चालतोय. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. डावीकडे समुद्र नुसता घुसमटतोय. थोडं पुढे गेला, तर मागून आवाज. ठण्ण. थांबला. मागे वळून पाहिलं. रूळ मोकळे. एक वाघीण नाही. चालायला लागला. ठण्ण, ठण्ण. जणू कोणी एकेक डबा जोडत त्याच्या मागून येतंय. तो झपझप चालला, तर तोही आवाज झपझप. तो थांबला, तर आवाज थांबला. राम राम म्हणत सुटला गडी.

समोर गोदाम आलं. भिंतीवर पांढरा आकडा. सात. मान खाली घालून पळाला तिथून. शंभर पावलं, दोनशे पावलं. दम लागला म्हणून वर बघतो, तर समोर गोदाम. आकडा सात! अरे, मागे टाकलं ना आत्ता? पुन्हा पळाला. पायाखाली रुळांचा सांधा आपोआप हलला. खट्! रूळ वळले नि त्याला वळवून घेऊन गेले. वर बघतो तर सात! चकवा लागला हो! रानात लागतो तो चकवा, पण हा लोखंडाचा चकवा. रूळ नेतील तिकडे जायचं.

तिसऱ्या खेपेला तिथे रूळ मोकळे नव्हते. वाघिणी उभ्या होत्या, काळ्या, ओळीने. आणि एका फटीशी, रुळाच्या कडेला, जमिनीवर कंदील.

कडीला हिरवी चिंधी.

काय झालं असेल त्याचं? पळायचं म्हणतोय, तर आतून आवाज आला. रोज यायचा तसा. कंटाळलेला, थोडा चिडका.

"भावजी, कडी बसत नाय हो. जरा हात लावा."

आता सांगा, तुम्ही गेला असता का? तुम्ही म्हणाल, वेडा आहे काय जायला! पण बारा वर्षं ज्या माणसाने ती हाक ऐकली, त्याचं अंग आधी वाकतं, डोकं मागाहून जागं होतं. भागोजी वाकला. वाघिणीच्या टोकाला धक्का झेलणारे लोखंडी बफर असतात, त्यांच्या खालून आत शिरला. "आलो रे," म्हणाला. सवयीने म्हणाला. साखळीला हात घातला. थंडगार साखळी. आणि आत कोणीच नाही.

तो आत. कंदील बाहेर.

निघायला गेला, तर सदऱ्याचा घोळ आकड्यात अडकलेला. ओढतोय, सुटत नाही. आणि बाहेर खळखळ. पाणी आलं! रुळांतून, मागच्या वर्षीसारखंच. वाकलेल्या माणसाला काय दिसणार? फक्त जमीन दिसते. पाणी दिसतं, कंदील दिसतो. आणि कंदिलाच्या बाजूला दोन पाय येऊन उभे राहिले.

भुताचे पाय उलटे असतात म्हणतात ना? नव्हते. सरळ होते. ओले, सुरकुतलेले, डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं. लहानपणी कोयतीने गेलं होतं, बहिणीच्या हातून. सरळ पाय बघून भागोजी जास्त घाबरला. उलटे असते तर दुसरं कोणी आहे म्हणता आलं असतं.

पाय बोलले म्हणा. वरून आवाज आला. "भावजी, कंदील कोणी उचलला?"

"तू... तूच उचललास, केरू."

एक हात खाली आला. चिंधीवर बोटं बसली. कंदील बोटभर वर गेला. आणि वळणापलीकडे, जिथे इंजिन नव्हतं, तिथे शिट्टी झाली! वाघिणी हादरल्या. पाठीला बफर टेकला. गार.

"कोणी उचलला?"

"मला ठाऊक नाही रे! काळोख होता!"

कंदील आणखी वर. शिट्टी! छातीला पुढचा बफर लागला. श्वास कोंडला. आता एक धक्का, नि झालं.

"भावजी. कोणी उचलला?"

तेव्हा तो फुटला. गुरासारखा हंबरला. "मी! मी उचलला, केरू! पाणी आलं म्हणून उचलला. तुझा कंदील विझेल म्हणून. मीच. आणि तुझ्यावर घातलं. तू प्यायला होतास असं लोक बोलले नि मी गप्प बसलो. मीच रे, मीच!"

कंदील खाली आला. सावकाश. जमिनीला टेकला.

पण पाणी थांबलं नव्हतं. काचेला लागलं होतं. आता विझला असता. आणि ते पाय वाकले. गुडघे पाण्यात टेकले. दोन हातांनी, पोटाने, अख्ख्या अंगाने त्याने त्या कंदिलाला कवळलं. पाणी त्याच्या पाठीवर आपटायचं नि बाजूने जायचं. ज्योत हलत नव्हती.

"निघा भावजी," तो म्हणाला. "सावकाश निघा. मी धरलाय."

ऐकलंत? मी धरलाय म्हणाला. उचलला नाही. जो त्या रात्री भागोजीने करायला हवा होता, तो उपाय त्याला केरूने करून दाखवला.

सदरा फाडून भागोजी बाहेर पडला. अंग बाहेर आलं नि मागे ठण्ण! असं लोखंड आदळलं की कान बधिर. तोंडावर पडला. उठून बघतो तर वाघिणी नाहीत. कंदील नाही. मोकळे रूळ, घोट्याइतकं पाणी. आणि पाण्यावरून एवढंच आलं, "आयेला सांगा."

बोचकं गेलं पाण्यात. धक्क्यावर पोचला तेव्हा बोट शिडी काढत होती. उडी मारून चढला.

त्याच दुपारी, श्राद्धाच्या वेळेला, फाटक्या सदऱ्याने सासूच्या अंगणात उभा राहिला. पानं मांडलेली. भटजी बसलेले. तो पायरी चढला नाही. तिथूनच सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

म्हातारीने विचारलं, "पाणी किती होतं हो?"

"घोट्याच्या वर, आये."

"म्हणजे विझलाच असता."

"विझला असता."

"माझा लेक प्यायलेला नव्हता ना?"

"नव्हता. देवाची शपथ, नव्हता."

म्हातारीने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "मग जा. वाडीत सांगून या. घरोघर. नंतर पानावर बसा."

गेला. बत्तीस उंबरे होते तेव्हा वाडीत. एकेका अंगणात उभा राहून म्हणत गेला, "केरू प्यायला नव्हता. कंदील मी उचलला." कोणी दार लावून घेतलं. कोणी थुंकलं. कोणी पाणी दिलं. संध्याकाळ झाली परत यायला. तोवर म्हातारीने कोणाला जेवू दिलं नाही. पिंड कावळ्याने कधी नेला ते कोणी पाहिलंच नाही.

काय गो सूनबाई? विचार, विचार. तोंडावर आलंय ना तुझ्या? त्या भागोजीच्या बायकोचं काय झालं? ती कुठे होती?

हे बघा, कसे माना खाली घालून बसले सगळे. त्यांना ठाऊक आहे.

ती चुलीपुढे होती. खीर ढवळत होती. ती मी गो.

हो. भागोजी रेवाळे माझा नवरा. इतका वेळ नाव घेतलं, गोष्टीत चालतं. एरवी कधी घेतलं नाही. आणि केरू माझ्या पाठचा. त्याचं नख माझ्याच कोयतीने गेलं. चिंधी माझ्याच लुगड्याची.

कंदील उचलला त्याचा राग नव्हता मला. पाणी आलेलं बघून मीही उचलला असता. कोणीही उचलला असता. पण दहाव्याला आला, शिमग्याला आला, माझ्या हातचं जेवला, माझ्या शेजारी निजला, मी भावासाठी रडायची तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. आणि बोलला नाही! त्याचा राग. तीन वर्षं मी त्याच्याशी शब्द बोलले नाही. वाढायची, पाणी द्यायची, गप्प. तो यायचा नि प्रत्येक खेपेला हीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. मी ऐकायची, तोंड फिरवून. म्हणून तर मला इतकी पाठ आहे. चौथ्या वर्षी एकदा मी विचारलं, "अजून भिजत असेल का हो तो?" एवढंच. मग दोघं रडलो. माफ केलं का? खरं सांगू, मला अजून ठाऊक नाही. संसार केला. तो झाला.

म्हातारपणी तो इथेच गेला, आपल्या पडवीत. शेवटच्या रात्री त्याला श्वास पुरेना. सारखा धडपडायचा, उठायला बघायचा. म्हणायचा, "चंद्रे, मी आत आहे. कंदील कुठाय? कोणी उचलला का?" मी खुंटीवरचा कंदील काढला. त्याच्या खाटेच्या कडेला जमिनीवर ठेवला. हात लावून दाखवला. म्हटलं, "खाली आहे हो. कोणी हात लावत नाही. मी बसलेय इथे. तुम्ही सावकाश या." मग शांत झाला. पहाटे गेला. उजाडलं तरी मी तो उचलला नाही. तेल संपून आपला आपण विझला.

म्हणून सांगते पोरांनो. उद्या तुम्ही मुंबईला जाल. आता तिथे इंजिन नाही, रूळ गवतात गेले म्हणतात. तरी अमावास्येच्या उधाणात त्या वाटेने जाऊ नका. बोट चुकू दे, नोकरी चुकू दे. आणि गेलातच, आणि कोणी आतून हात लावायला हाक मारली, तर वाकण्याआधी आठवून बघा, कोणाची चूक कोणावर घातलीय का ते. घातली असेल तर परत फिरा नि आधी त्याच्या आईकडे जा.

चला. सुपारी द्या कोणीतरी. बाबल्या, वात जरा बारीक कर. नको, खाली नको उतरवू. वरच राहू दे. आज आत कोणी नाही.